‘चक्कर’ हे आजाराचं नाव नाही

आमच्या घरात दोन बायकांना चक्कर आली. एक माझी अम्मी, दुसरी माझी थोरली बहीण, जिला आम्ही आपा म्हणतो. दोघींच्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला गेला आणि दोघींना एकच गोळी मिळाली. अम्मीचा आजार दहा मिनिटांत बरा होण्यासारखा होता. ती दोन वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढत राहिली. आपाचा आजार एक दिवसही थांबण्यासारखा नव्हता. तिला आम्ही २३ दिवस थांबवलं. आज तिच्या उजव्या कानाला काहीही ऐकू येत नाही.

मी डॉक्टर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, गरज पडली की उर्दूही शिकवतो. तरीही या विषयावर बोलण्याचा मला हक्क आहे असं मी मानतो. एक तर किंमत आमच्या घराने मोजली आहे. दुसरं म्हणजे, जी चूक झाली ती शिक्षकाला ओळखू येणारी चूक आहे. बीएडला आम्हाला नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन असा एक धडा होता. मुलाचं गणित चुकलं तर नुसती फुली मारू नका. हातचा विसरला, पाढा चुकला की प्रश्नच कळला नाही, हे आधी शोधा, मग शिकवा. नापास झालेल्या ४० मुलांच्या प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यास करत नाही’ एवढंच लिहिणाऱ्या शिक्षकाला आपण काय म्हणू? पण चक्कर आलेल्या ४० रुग्णांच्या चिठ्ठीवर ‘चक्कर’ लिहून ४० जणांना एकच गोळी देणाऱ्याला आपण ‘हातगुण चांगला आहे’ म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. चक्कर ही तक्रार आहे, आजार नव्हे. रुग्ण घेऊन येतो तोच शब्द डॉक्टरने परत त्याच्या हातात दिला, तर निदान झालंच नाही.

अम्मीपासून सुरू करतो. एका पहाटे फजरच्या नमाजला उठताना तिने कूस बदलली आणि ओरडली, “बाबा, पूरा कमरा फिर रहा हय!” पाऊण मिनिटात सगळं थांबलं. मग सजद्यात डोकं टेकवलं की पुन्हा तेच. फळीवरचा डबा काढायला मान वर केली की तेच. बसून राहिली तर काही नाही. ऐकू नेहमीसारखंच येत होतं. दोन खोल्यांपलीकडून दुधाचं भांडं उतू जातंय हे तिलाच आधी कळायचं.

गावातल्या डॉक्टरसाहेबांनी मानेचा एक्स-रे काढला. म्हणाले, “मास्तर, मणके झिजलेत. मणक्याची चक्कर आहे. वय झालंय अम्मींचं.” गळ्याला पट्टा आला, चक्करची गोळी आली. पन्नाशी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसेलच. माझा काढला तर माझ्याही मानेत दिसेल. झीज दिसली म्हणजे चक्कर तिच्यामुळेच, हा तर्क म्हणजे वर्गात खिडकी उघडी दिसली म्हणून मुलगा नापास झाला म्हणण्यासारखा आहे. त्या दोन वर्षांत अम्मीला एकदाही झोपवून तपासलं गेलं नाही.

खरा प्रकार असा होता. आपल्या आंतरकर्णात दोन खाती आहेत. गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला भाग ऐकण्याचं काम करतो. शेजारी द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या आहेत. डोकं कुठे वळलं, कुठे झुकलं ही खबर त्या मेंदूला देतात. या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडी ज्या पदार्थाची त्याच पदार्थाचे, अतिशय बारीक कण चिकटलेले असतात. वयाने, डोक्याला मार लागल्याने किंवा काही कारण नसतानाही ते कधी सुटतात आणि नलिकेत घसरतात. मग डोकं हललं की कण घरंगळतात, द्रव ढवळला जातो आणि नसलेली गिरकी मेंदूला जाणवते. कण खाली बसले की गिरकी थांबते. म्हणून ही चक्कर सेकंदांची असते, फार तर मिनिटभराची. कूस बदलताना, झोपताना, उठताना, वाकताना, वर पाहताना ती येते. ऐकण्याचं खातं शाबूत असतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर तिला बीपीपीव्ही म्हणतात, आणि कानामुळे येणाऱ्या चकरांत हीच सर्वांत जास्त आढळते.

ती ओळखायला यंत्र लागत नाही. रुग्णाला बसवायचं, डोकं ४५ अंश एका बाजूला वळवायचं, झटकन मागे झोपवून मान पलंगाच्या कडेखाली थोडी झुकवायची आणि डोळ्यांकडे बघायचं. दोष त्या बाजूचा असेल तर काही क्षणांनी बुबुळं ठरावीक पद्धतीने थरथरतात. डिक्स आणि हॉलपाईक या दोघांनी ही तपासणी १९५२ साली लिहून ठेवली. उपचारालाही गोळी लागत नाही. डोकं ठरावीक क्रमाने, प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबत फिरवायचं, की कण नलिकेतून परत पिशवीत पडतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या जॉन एप्ली या डॉक्टरने ही युक्ती काढली. डोकं फिरवून चक्कर बरी होते, हे सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं पटलं नाही. त्याचा गाजलेला शोधनिबंध छापून आला तो १९९२ साली. आज जगभर हाच पहिला उपचार मानला जातो आणि बहुतेक रुग्ण एक-दोन वेळांतच बरे होतात.

अम्मीला जिल्ह्याच्या गावी कानाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी झोपवलं, डोळे पाहिले, डोकं फिरवलं. कॉटखेरीज काही लागलं नाही. त्या संध्याकाळी अम्मीने खुर्ची बाजूला सारली आणि जमिनीवर सजदा केला. आजारी माणसाला बसून नमाजची मुभा आहे, हे ती आम्हाला सांगायची. पण मुभा घ्यावी लागणं आणि गरज नसताना ती दोन वर्षं घेत राहणं, यात फरक आहे. त्या दोन वर्षांचा हिशोब मी कुणाकडे मागू?

“पण गोळीने बरं वाटतं ना!” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाटतं, कारण हे कण पुष्कळदा काही आठवड्यांत आपले आपण जागेवर जातात किंवा विरघळतात. श्रेय गोळी घेऊन जाते. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या मात्र महिनोन् महिने घेतल्या तर मेंदूला तोल पुन्हा शिकू देत नाहीत. त्यांतल्या काहींनी म्हाताऱ्या माणसांत हातपाय थरथरणं, चाल मंदावणं अशी कंपवातासारखी लक्षणं दिसू लागतात. म्हणजे पडू नये म्हणून घेतलेली गोळी पाडूही शकते.

आता आपाकडे येतो. हे लिहायला जड जातं, कारण इथे एक दोषी मी स्वतः आहे.

रमजानचा महिना. सहरीला उठली तर तिचा उजवा कान बंद. आत कुकरच्या वाफेसारखा सूं आवाज. तासाभरात घर फिरू लागलं, उलट्या सुरू झाल्या. पाऊण मिनिटात थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत तिला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येईना. आम्ही काय म्हणालो? रोजा आहे, कमजोरी आहे, पित्त चढलं. मी म्हणालो, “आपा, वजू करताना कानात पाणी गेलं असेल.” शेजारच्या खालांनी लसणाचं तेल कोमट करून आणलं. डॉक्टरांनी पडद्याकडेही न बघता ‘सर्दीने कान बंद’ म्हणून थेंब दिले आणि चक्करसाठी तीच गोळी, अम्मीचीच. चौथ्या-पाचव्या दिवशी चक्कर कमी झाली, तेव्हा आम्ही म्हणालो, गुण आला. कान बंदच होता. ईद होऊ दे, मग बघू, असं ठरलं.

ईदनंतर ऑडिओग्राम निघाला तो २३ व्या दिवशी. कागदावर डाव्या कानाची रेघ वर, उजव्याची तळाला. त्याच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कधीपासून?” मी दिवस सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मला सगळं समजलं.

तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं आतल्या बाजूने ढासळलं तर ती तातडीची स्थिती मानतात. स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर तितका बरा. पहिल्या दोन आठवड्यांत आशा सर्वांत जास्त, नंतर ती झपाट्याने कमी होते. पडद्यातून आत इंजेक्शन देऊन उशिरा प्रयत्न करता येतो. तो आपावर केला. उपयोग झाला नाही. मी प्रामाणिकपणे लिहितो: पहिल्या दिवशी गेलो असतो तरी कान वाचलाच असता, असं कुणी सांगू शकत नाही. काहींचं ऐकणं औषधाविना परत येतं, काहींचं वेळेवर औषध देऊनही येत नाही, आणि सोबत चक्कर असेल तर आशा मुळातच कमी असते. पण तिला संधीच मिळाली नाही. ती संधी ‘चक्कर’ या एका शब्दाने खाल्ली.

आणि ओळखणं कठीण होतं का? आमच्या शाळेच्या विज्ञान पेटीत नादकाटा आहे. सातवी-आठवीची मुलं तो आपटून पाण्याच्या पेल्यात बुडवतात, पाणी उडालं की हसतात. पुढे वाचून माहिती झाल्यावर मी तो घरी आणला, आपटला आणि देठ आपाच्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. विचारलं, “आवाज कुठल्या कानात?” तिने डाव्या कानाकडे बोट केलं. मळ किंवा सर्दीने कान बंद असता, तर आवाज त्याच बंद कानात मोठा वाटला असता. स्वतःच्या कानात बोट घालून ‘हं’ म्हणून बघा. आवाज बोट घातलेल्या बाजूला जातो. चांगल्या कानाकडे गेला तर बिघाड आत, नसेत किंवा शंखात. या तपासणीने ऑडिओग्रामची गरज संपत नाही, पण ‘सर्दी आहे’ म्हणणारा हात तिथेच थांबला असता. पाचवीच्या मुलाला जमेल एवढी ही गोष्ट पहिल्या दिवशी झाली नाही, आणि २३ दिवसांनंतर एका भाषाशिक्षकाने केली. काटा हातात धरून मी बराच वेळ बसून होतो.

भाषेचा माणूस म्हणून मला आधी वाटलं, सगळा गोंधळ शब्दांचा आहे. मराठीत भोवळ, घेरी, गरगरणं, तोल जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, तिरमिरी असे कितीतरी वेगळे शब्द आहेत. उर्दूत सर चकराना वेगळं, ग़शी वेगळी, लड़खड़ाना वेगळं. डॉक्टरच्या टेबलावर या सगळ्यांची एकच ‘चक्कर’ होते. रुग्णाला नीट शब्द दिला तर निदान होईल, असं मी मानत होतो. वाचत गेलो तसं कळलं की हे अर्धंच खरं. तोच माणूस सकाळी ‘गरगरतंय’ म्हणतो आणि दुपारी ‘झोक जातोय’. घाबरलेल्या माणसाच्या विशेषणावर फार भिस्त ठेवता येत नाही. भिस्त ठेवायची ती घड्याळावर आणि कानावर. किती वेळ टिकली? कशाने सुरू झाली? ऐकण्यात फरक पडला का, आणि कुठल्या कानाच्या?

हे तीन प्रश्न विचारले की एक चक्कर फुटून अनेक आजार दिसू लागतात. सेकंदांची, डोकं हलवल्याने, ऐकू नीट येतं: ती अम्मीची. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारी, पुन्हा पुन्हा येणारी, सोबत एक कान भरल्यासारखा, कानात घुमणारा आवाज आणि ऐकणं कमी-जास्त होणारं, त्यातही खालच्या पट्टीचे आवाज आधी जाणारे: तो मेनिएरचा आजार, ज्यात आतल्या द्रवाचा फुगवटा आढळतो. दिवसच्या दिवस न थांबणारी, उलट्या, पण ऐकणं ठीक: तोलाच्या नसेला सूज. तशीच, पण एका कानाचं ऐकणंही गेलेलं: आपासारखी, तातडीची. पूर्वी अर्धशिशीचा त्रास, चकरेच्या वेळी उजेड आणि आवाज नकोसा: ती मायग्रेनची चक्कर, डोकं दुखलं नाही तरीही. गिरकी फारशी नाही, पण एकाच कानाचं ऐकणं वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतंय आणि फोन नकळत दुसऱ्या कानाला गेलाय: तिथे नसेवरची गाठ नाही ना, हे एमआरआय करून बघावं लागतं. क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा कॅनामायसिनची इंजेक्शनं घेतलेल्या माणसाचा तोल किंवा ऐकणं गेलं, तर औषधाकडे बघावं लागतं. दाट वस्त्यांत क्षयाचे रुग्ण कमी नाहीत, आणि त्यांच्यापैकी कितीजणांना इंजेक्शनच्या वेळी कुणी कानाबद्दल विचारलं असेल?

आणि एक प्रकार कानाचा नाहीच. चकरेसोबत एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, तोंड वाकडं, हातपाय लुळा, गिळता न येणं, अचानक भयंकर डोकेदुखी, किंवा आधार देऊनही उभंच राहता न येणं, हा मेंदूच्या मागच्या भागातला झटका असू शकतो. तिथे मिनिटं मोजायची असतात. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा लहान झटका चुकवू शकतो. जाणता डॉक्टर डोळ्यांच्या हालचालींवरून तो पकडतो. म्हणजे इथेही आधी हात, नजर आणि प्रश्न, यंत्र मागाहून.

डॉक्टर मित्र म्हणतात, “मास्तर, ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटं मिळतात.” मान्य. सरकारने डॉक्टर वाढवले पाहिजेत, ही मागणी माझीही आहे. पण मानेच्या एक्स-रेला पैसे आणि वेळ असतो, पट्ट्याला असतो, दर महिन्याच्या गोळीला असतो, आणि दोन मिनिटांच्या तपासणीलाच नसतो, हे मला पटत नाही. २०१६ साली जर्मनीत मेनिएरच्या २२१ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. चकरेवर आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी बीटाहिस्टीन ही गोळी त्या आजारात नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. ज्या आजारासाठी ती मुख्यतः दिली जाते तिथे ही गत, तर निदान न करता सरसकट वाटण्याला काय आधार आहे?

दोष फक्त त्यांचा नाही. आपल्या मोहल्ल्यात बाईला चक्कर आली की पहिला अंदाज कमजोरी, दुसरा नाटक, तिसरा असर. आपासाठीही कुणीतरी दम केलेलं पाणी आणलं होतं. दुआला माझी ना नाही. अम्मीने केलेल्या दुआंवर मी वाढलो आहे. पण दुआ आणि दवा हे दोन शब्द आपल्याकडे जोडीने उच्चारले जातात, आणि त्यातली दवा आपण मेडिकलच्या काउंटरवरून ‘चक्करची एक पट्टी द्या’ म्हणून आणतो. हीसुद्धा निदानाची थट्टाच आहे.

१८६१ च्या जानेवारीत पॅरिसच्या वैद्यक अकादमीत प्रोस्पेर मेनिएर नावाच्या डॉक्टरने एक निबंध वाचला. तो मूकबधिरांच्या संस्थेचा वैद्य होता, कानांत मुरलेला. त्या काळी उलट्या, गिरकी, कोसळणं असं दिसलं की मेंदूत रक्त दाटलं म्हणायचे आणि अंगातलं रक्त काढायचे. मेनिएर म्हणाला, यांच्यापैकी काहींना ऐकूही कमी येतंय, कानात आवाजही येतायत. बिघाड मेंदूत नाही, आतल्या कानात आहे. पुढच्याच वर्षी तो वारला. आजाराला त्याचं नाव मागाहून लागलं. त्याने वेगळं काय केलं? दोन तक्रारी एकत्र ऐकल्या. कान आणि चक्कर यांचा संबंध विचारला. त्याला १६० वर्षं उलटून गेली, आणि आपाला तो प्रश्न २३ व्या दिवशी विचारला गेला.

म्हणून वाचकहो, विनंती नाही, मागणी आहे. डॉक्टरकडे ‘चक्कर येते’ एवढंच सांगून उठू नका. किती वेळ, कशाने, कान कसा, हे कागदावर लिहून न्या. कूस बदलताना येत असेल तर म्हणा, “डॉक्टरसाहेब, झोपवून तपासा.” एक कान अचानक गेला तर ईद, परीक्षा, लग्न, काहीही आड येऊ देऊ नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. मोबाईलवर बघून स्वतःच डोकं फिरवू नका. कुठल्या कानाची कुठली नलिका, हे ठरल्याशिवाय तोही अंधारातला तीरच.

आपा आता वर्गात, लग्नात, बसमध्ये लोकांच्या उजवीकडे बसते, म्हणजे डावा कान त्यांच्या बाजूला राहतो. मागून कुणी हाक मारली तर ती आधी चुकीच्या दिशेला वळते. मुलं हसतात. ती रागावत नाही. मला मात्र दर वेळी ती चिठ्ठी आठवते, आणि तिच्यावरचा तो एकच शब्द.